आमच्याकडे तर उघडते

हिशेब मांडायला बसलं तर एम्ना कम्मूनची जमेची बाजू चांगली भरलेली दिसत होती. ट्यूनिसकडच्या स्फाक्स शहरातल्या तेल निर्यातदारांच्या एका संघाला वर्षभरासाठी अनुवादक हवा होता. डब्यांवरची लेबलं, करारनामे, इटालियन गिऱ्हाइकांची चिडकी पत्रं, सगळं एकाच हाती द्यायचं होतं. हे काम मिळालं की शहराच्या बाब बहर भागात एक खोली भाड्याने घेता आली असती. खोलीला दार, दारावर पितळी पाटी आणि दाराला आतून कडी. कडी महत्त्वाची. कारण आजवर एम्ना लोकांचे जन्मदाखले आणि पदव्या भाषांतरित करत होती ती घरच्या जेवणाच्या टेबलावर, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची सासू, लल्ला महबूबा, कांदे चिरत असे. गेल्या ईदला शर्मूला, म्हणजे कांदा-मनुक्यांचा रस्सा, करताना एका मुलाची इंजिनिअरची पदवी कांद्यांच्या ढिगाखाली सापडली होती. ती पुसून, वाळवून, शिक्का मारून जर्मनीला पाठवली. तिकडच्या विद्यापीठाने कागद पोचल्याचं कळवलं आणि खाली एक ओळ जोडली, की हा वास कसला आहे ते कळल्यास बरं होईल.

तेव्हा खोली हवी होती, आणि खोलीचा रस्ता संघाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे सी (तिकडचं 'श्री') मुख्तार यांच्या, टेबलावरून जात होता.

"मॅडम, आम्ही ओळखीपाळखीवर जात नाही," सी मुख्तार फोनवर म्हणाले. असं स्फाक्समध्ये कुणी म्हटलं की समोरचा आपल्या ओळखी आठवू लागतो. "आमच्यापुढे तीन नावं आहेत. प्रत्येकाची वेबसाइट बघायची असं समितीने ठरवलंय. तुमची पाठवा. महिनाअखेरच्या बुधवारी नाव पक्कं करू."

एम्नाकडे वेबसाइट नव्हती. प्रोग्रामर नवरा होता, वज्दी. खर्चाची बाजू इथून सुरू होते.

खरं तर तिने आधी नवऱ्याचा विचार केलाच नव्हता. बाब दिवान वेशीजवळ फतहीचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तो पत्रिकांबरोबर साइटही करून देतो, दुपारी सांगितली की संध्याकाळी तयार. त्याने केलेली एक साइट तिने फोनवर वज्दीला दाखवली. एका दंतवैद्याची होती. कोपऱ्यातून दोन फुलपाखरं उडत येत आणि दवाखान्याच्या वेळापत्रकावर बसत.

"फुलपाखरं?" वज्दी म्हणाला. "माझ्या बायकोच्या साइटवर?"

"नको म्हटलं तर काढतो तो."

"त्याला काढता येतात का ते विचार आधी. सगळा तयार माल आहे हा, एम्ना. भाड्याच्या घरात राहिल्यासारखं. उद्या मालकाने कुलूप बदललं की तू सामानासकट रस्त्यावर."

"मला संघाचं काम मिळेपर्यंतच राहायचंय रे तिथे."

पण वज्दी पेटला होता. दिवसभर तो औषधांच्या दुकानांसाठी साठ्याचे प्रोग्राम लिहीत असे, आणि तिथे त्याला कुणी काही सुंदर करू देत नसे. "हे बघ, याला म्हणतात स्टॅटिक साइट जनरेटर. तू साध्या फाइलमध्ये मजकूर लिहायचास, मी एक कमांड द्यायची, पानं तयार. मागे कसली यंत्रणा नाही, काही नाही. त्यामुळे बिघडायला आत काही नसतंच."

"मग संध्याकाळपर्यंत होईल?"

"संध्याकाळ कशाला? जेवायच्या आत."

कुठल्या जेवायच्या, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शपथ घेतलेल्या अनुवादिकेकडून एवढी ढिलाई व्हायला नको होती.

तिने त्याच दिवशी मजकूर दिला. नाव, पाच भाषा, फोन नंबर, स्वतःबद्दल चार ओळी आणि केलेल्या कामाचे काही नमुने. वज्दीने तो न वाचता बाजूला ठेवला आणि आपल्या छोट्या खोलीत जाऊन दार लावलं. या घरात दार लावता येईल अशी तेवढी एकच खोली होती. तिच्यात दोन स्क्रीन होते, रात्रंदिवस घोंघावणारी एक काळी पेटी होती आणि एक खुर्ची होती. ती त्यांच्या लग्नातल्या पलंगापेक्षा महाग होती आणि पलंगापेक्षा जास्त वापरली जात होती.

पहिला आठवडा थीम निवडण्यात गेला. थीम म्हणजे साइटचा तयार पोशाख. पोशाख शेकड्याने होते आणि वज्दीने एकही नजरेआड जाऊ दिला नाही. एम्ना कॉफी घेऊन आत जाई, तेव्हा स्क्रीनवर कुणीतरी नॉर्वेजियन गिर्यारोहक उभा असे.

"हा कोण?"

"नमुना आहे. इथे तू येणार."

"डोंगरावर?"

"डोंगर काढून टाकायचा गं. अक्षरांमधलं अंतर बघ ना. श्वास घेतायत बघ अक्षरं."

दुसऱ्या आठवड्यात त्याने जनरेटरच बदलला. पहिल्याला साइट बांधायला दोन सेकंद लागत होते.

"माझी पानं किती आहेत?" एम्नाने विचारलं.

"सध्या एक."

"आणि ते एक पान बनायला दोन सेकंद लागतात, हे तुला जास्त वाटतं."

"उद्या तुझी दहा हजार पानं झाली की?"

एम्नाने मनात गुणाकार केला. आठवड्याला एक पान लिहिलं तर ती मरून तिची नात म्हातारी झाली असती. पण नवा जनरेटर डोळ्याचं पातं लवण्याच्या आत पान बांधत होता. वज्दी ते पान पुन्हा पुन्हा बांधून बघत होता, कारण एवढ्या वेगाने बांधण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग अरबी पानाची पाळी आली. सगळं उजवीकडून डावीकडे फिरवायचं होतं. अक्षरं फिरली, रकाने फिरले, पण "पुढे" असं लिहिलेला बाण मागेच बघत राहिला. त्या एका बाणापायी वज्दी चार संध्याकाळ जेवणावर उशिरा आला. बाण वळला तेव्हा त्याने आईला हाक मारून दाखवला. "छान आहे बाळा," लल्ला महबूबा म्हणाली, "पण हिची कामं कुठे लिहिलीत?"

"ते नंतर. तो मजकूर आहे नुसता."

मजकूर सोडून बाकी सगळं झालं होतं. रात्रीच्या वाचनासाठी काळा पडदा आला. शोधायचा रकाना आला. ज्या साइटवर दोनच रिकामी पानं आहेत तिथे माणसाने नेमकं काय हरवायचं आणि काय शोधायचं, हा प्रश्न एम्नाने गिळला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर "वाचायला लागणारा वेळ" आपोआप मोजून दाखवायची सोय झाली. एम्नाच्या पानावर तो शून्य मिनिटं दाखवत होता.

"निदान हे तरी खरं आहे," ती म्हणाली.

शेवटी तिनेच त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि आपला मजकूर फाइलमध्ये भरला. त्याला लागला दोन कप कॉफीइतका वेळ. वज्दी मागे उभा राहून, ओळ कुठे तोडायची ते सांगत होता, आणि काम झाल्यावर म्हणाला, "बघ, म्हणून मी म्हणत होतो. किती सोपं आहे!"

रविवारी माशाचा कुसकुस झाला आणि साइटचं उद्घाटनही झालं. सगळे ताटल्या घेऊन छोट्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. वज्दीने मोठ्या स्क्रीनवर पत्ता टाकला आणि साइट उघडली. आणि खोटं कशाला बोला, सुरेख होती. एम्नाचं नाव एखाद्या संग्रहालयाच्या दारावर असावं तसं दिसत होतं. नमुने हळूच वर येत, अरबी पान सफाईने वळे, कोपऱ्यात टपालाच्या पाकिटाचं नाजूक चित्र होतं. त्यावर बोट ठेवलं की तिला पत्र लिहिता येई.

"माशाल्ला," लल्ला महबूबा म्हणाली. "फोटोत मात्र पासपोर्टवाली दिसतेय."

एम्नाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिला ती पितळी पाटी दिसली. तिने आपल्या फोनवर तोच पत्ता टाकला, आणि फोनभर एक पाकीट उघडलं. काळं, भलंमोठं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बोटाने वर सरकवत गेलं की बऱ्याच खाली तिचं नाव, साध्या बारक्या अक्षरांत, आणि त्याखाली काही ओळी. नमुन्यांवर बोट ठेवलं तर पांढरं पान, आणि पत्ता सापडत नसल्याची सूचना.

"वज्दी, हे काय?"

"कॅश," वज्दीने न बघताच सांगितलं. "तुझ्या फोनने जुनी प्रत धरून ठेवलीय. साफ कर."

"जुनी कुठली? आत्ता तर जन्मली ना ही?"

"अगं, मला आमच्याकडे दिसतेय ना! हे बघ." आणि त्याने पुन्हा आपल्या स्क्रीनवर उघडून दाखवली. उघडली. नमुने हळूच वर आले.

या धंद्यातल्या माणसाला दोन गोष्टी मनापासून पटलेल्या असतात. एक, आपल्याकडे चालतंय म्हणजे सगळीकडे चालतंय. दोन, चालत नसेल तर समोरच्याने कॅश साफ केलेली नाही. वज्दीची बहीण ओल्फा मार्सेलला असते. तिने पाकिटाचा फोटो पाठवून खाली लिहिलं, "वहिनी पोस्टात लागली का?" वज्दीने तिला कॅश साफ करायला सांगितलं. तिने केली, जरा जास्तच केली, आणि फोनमध्ये जपलेले सगळे पासवर्ड घालवून बसली. पाकीट होतं तिथेच राहिलं. सोमवारी ऑफिसात वज्दीने मित्रांना दाखवायला साइट उघडली, तर तिथेही पाकीट. त्यावर घरी येऊन तो म्हणाला, "आमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर काहीतरी अडवून ठेवलंय लोकांनी. कळवायला हवं वरती."

"मी काय म्हणते, सी मुख्तारांना पाठवायच्या आधी अजून एकदा..."

"पाठवली ना! काल कॉफी पिताना. तुझ्याच मेलवरून."

एम्ना खाली बसली. बसायला ती महागाची खुर्चीच जवळ होती.

"वज्दी, त्यांना पाकीट दिसलं तर?"

"दिसलं तर कॅश साफ करतील. आपल्याकडे तर उघडते."

"मग एक करूया. समितीला इथेच बोलावूया. खुर्ची एक आहे, आळीपाळीने बसतील."

मंगळवारी संध्याकाळी लल्ला महबूबाला धणे वाटायचे होते. वाटायचं यंत्र लावायला भिंतीवर मोकळा प्लग सापडेना. छोट्या खोलीत जाऊन तिने काळ्या पेटीची वायर उपटली, आपली लावली, धणे वाटले, घरभर वास सुटला आणि पेटीचं घोंघावणं थांबलं. वज्दी आला, शिंकला, वायर परत लावली आणि सवयीने साइट उघडली.

पाकीट.

त्याने पुन्हा उघडली. पाकीटच.

"आई, काय केलंस?"

"धणे वाटले. का?"

प्रकार असा होता. साइट बांधताना वज्दीने आपल्याच पेटीवर एक खासगी प्रत सतत चालू ठेवली होती, लिहिता लिहिता बघण्यासाठी. या लोकांत ती रीतच आहे. ती प्रत चालू असतानाच त्याने तयार पानं उचलून जगापुढे ठेवली, आणि त्या पानांमधली प्रत्येक लिंक, प्रत्येक रंग, पाकिटाचं माप सांगणारी ओळसुद्धा सांगत होती, की माझं सामान याच यंत्रावर आहे. वज्दीच्या यंत्रावर ते होतं, वायर उपटल्यावर ती प्रत बंद पडेपर्यंत. बाकी ज्याने कुणी साइट उघडली त्याला ती त्याच्याच यंत्रात सामान शोधायला पाठवत होती, आणि तिथे अर्थातच काही नव्हतं. पत्त्याच्या पट्टीत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. पण तीन आठवडे रोज बघितल्यावर ते वज्दीला दिसायचं बंद झालं होतं.

"म्हणजे," एम्ना हळूहळू म्हणाली, "तू मेजवानीचं आमंत्रण छापलंस, आणि पत्त्याच्या जागी लिहिलंस 'आपल्या घरी'."

"...हो. तसंच."

"आणि लोक आपापल्या घरी गेले आणि उपाशी राहिले. आणि तू त्यांना म्हणालास, भांडी घासा."

वज्दीने एक ओळ बदलली, कमांड दिली आणि पानं पुन्हा चढवली. खरंच जेवायच्या आत झालं. एम्नाच्या फोनवर साइट उघडली, संग्रहालयाच्या दारासारखी.

बुधवारी सकाळी तिने सी मुख्तारांना फोन लावला. "सी मुख्तार, माझ्या साइटमध्ये थोडी अडचण होती, आता दूर झालीय. बैठकीच्या आधी एकदा नव्याने बघाल का?"

"मॅडम," सी मुख्तार फार गोड आवाजात म्हणाले, आणि स्फाक्सचा व्यापारी गोड झाला की समजावं काम गेलं, "आम्ही रविवारीच बघितली. पाकीट होतं. मला वाटलं, आजकालची कला असेल. मी दाबलं, काही झालं नाही. आमच्या ऑफिसातल्या सिहेम मॅडमनी तुम्हाला लिहून विचारलं. तुमचं उत्तर आलं, की दोष आमच्या यंत्रात आहे, कॅश साफ करा."

एम्नाने फोन हाताने झाकला आणि छोट्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "तू माझ्या नावाने उत्तर दिलंस?"

"तांत्रिक प्रश्न होता ना, म्हणून," वज्दी कुजबुजला.

"सिहेम मॅडम आज्ञाधारक बाई," सी मुख्तार पुढे सांगत होते. "त्यांनी सगळं साफ केलं. त्यात जकातीच्या कामाचे पासवर्डही साफ झाले. सोमवारी सकाळी आमचा कंटेनर बंदरात कागदांवाचून अडून बसला आणि जहाज निघून गेलं. मी तुमच्या भाषांतराला नावं ठेवत नाही हो. तुमचं इटालियन यादीतल्या रफीकपेक्षा सरस आहे, हे मला माहीत आहे. पण कंटेनरपायी समिती कालच बसली आणि तिचं म्हणणं पडलं, की जी बाई आमच्या पत्राला 'दोष तुमचा आहे' असं उत्तर देते, ती इटालियन गिऱ्हाइकांना काय लिहील?"

"म्हणजे रफीकला दिलंत?"

"त्याच्या साइटवर फुलपाखरं आहेत. पण फोन नंबर दिसतो."

वज्दीने दोन दिवस खूप वाईट वाटून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने आपलं दुःख लिहून काढलं आणि ते ठेवायला हाताशी एक सुंदर, वेगवान, दहा हजार पानं पेलणारी साइट होतीच. पाचही भाषांच्या वर, पहिल्या जागी, त्याचा लेख झळकू लागला: चुकीचा पत्ता कसा बाहेर गेला, कसा सापडला, कसा दुरुस्त केला. वाचायला लागणारा वेळ, चौदा मिनिटं. लेखात एम्नाचा उल्लेख एकदाच, "वापरणारी व्यक्ती" असा होता. धण्यांचा उल्लेख "वीजपुरवठ्यातला अनपेक्षित खंड" असा होता.

आणि लेख चालला! ट्यूनिसपासून कासाब्लांकापर्यंतच्या त्याच्या जातभाईंनी तो एकमेकांना पाठवला. प्रत्येकाने कधी ना कधी हेच केलं होतं आणि कुणाला तरी कॅश साफ करायला लावली होती. ट्यूनिसच्या एका संमेलनाने त्याला बोलायला बोलावलं, हॉटेल आणि जेवण त्यांच्याकडे.

"एम्ना!" तो स्वयंपाकघरात धावत आला. "तुझ्या साइटवर आठवड्यात हजारो लोक आले!"

"भाषांतर करून घ्यायला?"

"नाही, तसं नाही. पण साइट तुझीच ना."

एम्ना भांडली नाही. शनिवारी दुपारी मात्र तो बाहेरून परतला तेव्हा दोन स्क्रीन, काळी पेटी आणि महागाची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी मांडलेली होती. समोर लल्ला महबूबा मेथी निवडत बसली होती. छोट्या खोलीचं दार बंद होतं आणि दारावर कागदाची पाटी होती: एम्ना कम्मून, शपथबद्ध अनुवादक, येण्याआधी वेळ ठरवावी.

"आई, हे काय?"

"मला काय विचारतोस? मी पेटी उचलायला मदत केली फक्त. जड आहे हो."

त्याने दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"वेळ ठरवलीय?"

"एम्ना, वेडेपणा करू नकोस. माझं भाषण इंग्रजीत करून हवंय. संमेलनवाल्यांना सोमवारी पाठवायचंय."

"सोमवार म्हणजे तातडीचं. तातडीचा दर वेगळा. पैसे आधी."

"नवऱ्याकडून पैसे?"

"नवऱ्याने फुकट केलेलं काम मला परवडलं नाही. आता विकत देऊन बघते. शिक्का हवा का?"

"भाषणाला शिक्का कशाला?"

"मग राहू दे. मजकूर आहे ना नुसता."

आतून कडी लागल्याचा आवाज आला. वज्दीने खाली वाकून नोट दाराच्या फटीतून आत सरकवली. ती अर्ध्यात अडकली. आतून ओढली गेली.

आता एकूण बेरीज. संघाचं काम रफीकला मिळालं आणि त्यातला साइटपुरता वाटा फतहीला, फुलपाखरांसकट. अडलेल्या कंटेनरचा दंड संघाने भरला आणि बोलणी सिहेम मॅडमनी खाल्ली. ओल्फाने आपले पासवर्ड दिले, आणि वर फोनवर भावाला शिव्या दिल्या त्यांचं बिल वेगळं. वज्दीला ट्यूनिस, हॉटेल आणि टाळ्या मिळाल्या. त्याच्या खिशातून बायकोच्या खिशात गेलेली नोट जमेला धरता येत नाही, कारण घरातला पैसा घरातच राहिला. राहता राहिली एम्ना. तिने वर्षभराचं काम आणि सी मुख्तारांकडचं आपलं नाव एवढी किंमत मोजली, आणि बदल्यात स्वतःच्याच घरातली, चार पावलांची, बिनखिडकीची एक खोली घेतली. स्फाक्समध्ये इतक्या चढ्या भावाने जागा घेतलेली दुसरी बाई कुणाच्या ऐकिवात नाही.